दूरच्या दरवाजाचा किल्लेदार

सिल्वासा हे दादरा-नगरहवेलीचे मुख्य ठिकाण. एका अंगास गुजरातचा वलसाड जिल्हा आणि दुसऱ्या अंगास महाराष्ट्राचा पालघर जिल्हा यांच्यामध्ये सापडलेला हा मुलूख अवघा ४९१ चौरस किलोमीटरांचा. त्यातही दादरा हा तुकडा नगरहवेलीपासून सुटा. मध्ये गुजरातची चिंचोळी पट्टी आडवी आलेली. अशा मुलखात कोणी यावे, कोणी जावे आणि कोणत्या वाटेने जावे, हा प्रश्न फार जुना आहे.

१७७९ साली पेशवे आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला व त्यातून बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे पोर्तुगिजांकडे आली. पुढे येथे पोर्तुगीज अंमल बसला. परंतु त्यांचा गव्हर्नर राहत असे समुद्रकाठी, दमणास. मधला प्रदेश दुसऱ्याच्या ताब्यातला. आधी मराठ्यांच्या, मग ब्रिटिशांच्या आणि १९४७ नंतर स्वतंत्र भारताच्या. १९५४ च्या जुलै महिन्यात दादरा मुक्त झाले आणि २ ऑगस्ट रोजी सिल्वासा मुक्त झाले. त्या धामधुमीत दमणहून नगरहवेलीत प्रतिनिधी पाठविण्यासाठी पोर्तुगिजांनी परवानगी मागितली. भारत सरकारने ती नाकारली. पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाद मागितली आणि १२ एप्रिल १९६० रोजी त्या दाव्याचा निकाल लागला. खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांच्या ये-जा करण्याचा हक्क पोर्तुगालला होता, असे न्यायालयाने ११ विरुद्ध ४ मतांनी ठरविले. सशस्त्र सैन्य, सशस्त्र पोलीस, शस्त्रे आणि दारूगोळा यांच्यासाठी मात्र तसा हक्क नव्हता, असे ८ विरुद्ध ७ मतांनी ठरले. भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केलेला नाही, असाही निर्वाळा ९ विरुद्ध ६ मतांनी मिळाला.

मुक्तिसंग्रामाचे मोल आणि त्यामागचा न्याय हा स्वतंत्र विषय आहे. येथे पाहावयाचे आहे ते या निकालाच्या रचनेकडे. अमुक प्रकारच्या प्रवाशास वाट मोकळी, तमुक प्रकारच्या प्रवाशास बंद. आणि दूर बसून कारभार पाहणाऱ्याची सत्ता ही शेवटी त्याच्या मधल्या वाटेवर अवलंबून. आज सिल्वाशाच्या औद्योगिक वसाहतींत कृत्रिम धाग्यांचे आणि प्लॅस्टिकचे कारखाने उभे आहेत. त्यांच्यासारख्या कोणत्याही आधुनिक कारखान्याच्या संगणकांपुढे हे दोन्ही प्रश्न रोज नव्याने उभे राहतात. पहिल्या प्रश्नाचे उत्तर देणाऱ्या यंत्रास फायरवॉल म्हणतात. दुसरा प्रश्न त्या यंत्राचा कारभार दुरून पाहणाऱ्या माणसाचा आहे.

भिंत कसली आणि आग कोणती?

फायरवॉल हा शब्द मूळचा गवंड्यांचा. गोदामात लागलेली आग यंत्रशाळेत पसरू नये म्हणून दोहोंमध्ये न जळणाऱ्या सामानाची जी भिंत बांधतात, ती फायरवॉल. संगणकांच्या जाळ्यात शिरणारा उपद्रवही आगीसारखाच एका यंत्रावरून दुसऱ्यावर पसरतो. २ नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकेत रॉबर्ट मॉरिस नावाच्या विद्यार्थ्याने सोडलेला एक आपोआप पसरणारा प्रोग्राम थोड्याच तासांत हजारो संगणकांत शिरला आणि त्याने ती यंत्रे अडवून धरली. जाळ्याला जाळे जोडताना मध्ये पहारा हवा, हे त्या प्रसंगाने सर्वांच्या मनावर बिंबले.

हा पहारा चालतो कसा? इंटरनेटवरून जाणारा प्रत्येक मजकूर लहान लहान तुकड्यांत विभागला जातो. अशा प्रत्येक तुकड्यास पॅकेट म्हणतात. टपालाच्या लखोट्यावर असतो तसा प्रत्येक पॅकेटवर पाठविणाऱ्याचा पत्ता आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो. शिवाय घेणाऱ्या यंत्रावरील कोणत्या दारी जावयाचे त्या दाराचा क्रमांकही असतो. या दारास पोर्ट म्हणतात. पोर्टांचे क्रमांक ६५,५३५ पर्यंत जातात आणि त्यांतील कित्येकांची कामे ठरून गेलेली आहेत. सुरक्षित संकेतस्थळांसाठी ४४३, टपालाच्या देवघेवीसाठी २५, आणि दूरच्या कारभाऱ्यासाठी २२.

फायरवॉल हा या लखोट्यांचा नाकेदार होय. त्याच्याजवळ नियमांची यादी असते. पहिला नियम असा असेल: मुंबईच्या मुख्य कार्यालयाच्या पत्त्यावरून २२ क्रमांकाच्या दारी येणाऱ्यास सोडावे. दुसरा: आतील कामगाराने बाहेरचे संकेतस्थळ मागितले असेल तर त्याचे उत्तर आत येऊ द्यावे. आणि शेवटचा: बाकी सर्वांस अडवावे. बहुतेक फायरवॉलमध्ये ही यादी वरून खाली वाचली जाते आणि जो नियम प्रथम लागू पडतो तोच अमलात येतो. खालचे नियम मग वाचलेच जात नाहीत. म्हणून नियम कोणते यापेक्षा ते कोणत्या क्रमाने लिहिले आहेत, याला कधीकधी अधिक महत्त्व येते. ‘सर्वांस अडवावे’ हा नियम चुकून पहिल्या ओळीत गेला, तर त्याखालच्या सगळ्या सवलती कागदावरच राहतात.

दुरून कारभार का आणि कसा?

ज्याचे मुख्य कार्यालय मुंबईत आहे असा सिल्वाशाचा एखादा कारखाना घ्यावा. मुंबईपासून सिल्वासा सुमारे पावणेदोनशे किलोमीटर. वापीपर्यंत रेल्वेने आणि पुढे रस्त्याने. रात्रपाळी चालू आहे, माल पाठविण्याची कागदपत्रे संगणकावर तयार व्हावयाची आहेत आणि एखाद्या नव्या पुरवठादाराच्या यंत्रासाठी फायरवॉलमध्ये एक नियम वाढवावयाचा आहे. एवढ्यासाठी जाणकार माणूस मुंबईहून धाडणे परवडणारे नाही आणि प्रत्येक लहान कारखान्यात असा माणूस कायम ठेवणेही परवडत नाही. तेव्हा तो मुंबईतच बसून, जाळ्यामार्फत सिल्वाशाच्या यंत्राशी बोलतो.

हे बोलणे बहुधा चित्रांतून नसते. ते लिहिलेल्या आज्ञांतून असते. काळ्या पडद्यावर एक ओळ टंकावी, यंत्राने तिचे उत्तर द्यावे, मग दुसरी ओळ. यासच कमांड लाइन म्हणतात. बाहेरून पाहणाऱ्यास ही रीत जुनाट वाटते. परंतु तिचे गुण पक्के आहेत. जोडणी मंद असली तरी अक्षरे पोचतात. लिहिलेली आज्ञा जपून ठेवता येते, दुसऱ्यास दाखविता येते आणि दहा ठिकाणच्या दहा यंत्रांना एकसारखी देता येते. शिवाय काल काय केले याचा तंटा उपस्थित झाला तर लेखी पुरावा हाताशी असतो.

प्रारंभी या कामासाठी टेलनेट नावाची पद्धत वापरीत. तिचा उगम १९६९ मधला. तिच्यात मोठे वैगुण्य होते. कारभाऱ्याचा परवलीचा शब्द, म्हणजे पासवर्ड, वाटेवरून उघड्या पोस्टकार्डासारखा जात असे. मधल्या कोणत्याही मुक्कामी बसलेल्या लबाडास तो वाचता येई. १९९५ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यात नेमका असाच प्रकार घडला; कोणी तरी पासवर्ड चोरून टिपून घेत होता. तेथील संशोधक ताटू इलोनेन यांनी यावर उपाय म्हणून एक नवी पद्धत लिहून काढली आणि त्याच वर्षी ती सर्वांना मोफत दिली. तीच एसएसएच, म्हणजे सुरक्षित आज्ञामार्ग. टेलनेटचे दार २३ आणि फाइली पाठविण्याचे दार २१. मधले २२ रिकामे होते, ते त्यांनी मागून घेतले आणि त्यांना मिळाले.

एसएसएचमध्ये दोन यंत्रे आधी आपसांत एक गुप्त संकेत ठरवितात. विशेष हे की, त्यांचे सर्व बोलणे ऐकणाऱ्यासही तो संकेत कळत नाही. या गणिती युक्तीचे मूळ १९७६ मध्ये डिफी आणि हेलमन यांनी प्रसिद्ध केलेल्या कल्पनेत आहे. त्यानंतरचा प्रत्येक शब्द त्या संकेतात बंद होऊन जातो. ओळख पटविण्यासाठीही पासवर्डहून बळकट साधन असते. कारभारी किल्ल्यांची एक जोडी तयार करतो. एक किल्ली गुप्त, ती त्याच्याच संगणकात राहते; दुसरी जाहीर, ती फायरवॉलवर ठेवली जाते. फायरवॉल आव्हान देते, गुप्त किल्ली त्यावर सही करते आणि जाहीर किल्लीने ती सही पारखली जाते. गुप्त किल्ली वाटेवरून कधीच प्रवास करीत नाही. मग ती वाटेत चोरीस जाणार कशी?

ओळख मात्र दोन्ही बाजूंनी पटावी लागते. प्रथम जोडणी होताना फायरवॉल आपल्या अंगठ्याच्या ठशासारखी एक खूण दाखविते. ती न तपासताच ‘होय’ म्हणणारा कारभारी, समोर खरोखर सिल्वाशाचे यंत्र आहे की मध्येच बसलेला कोणी सोंगाड्या, हे न पाहता त्याच्याशी मनमोकळेपणे बोलू लागतो.

दिंडी आणि चोरदिंडी

आता मुख्य मुद्दा. गडाचे महाद्वार बंद असतानाही एका माणसास वाकून आत शिरता येईल असे एक लहान दार त्याच्या फळीत ठेवलेले असते. त्यास दिंडी म्हणतात. २२ क्रमांकाचे पोर्ट ही फायरवॉलची दिंडी होय. गंमत अशी की, या दिंडीवरचा पहारेकरीही तीच फायरवॉल असते. म्हणजे मुंबईचा कारभारी ज्या दारातून आत शिरला आहे, त्याच दाराचे नियम तो आतून बदलीत असतो. बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालविण्याचा धोका या कामात नेहमीच असतो.

समजा, त्याने जुनी यादी पुसून नवी लिहावयास घेतली आणि ‘सर्वांस अडवावे’ हा नियम आधी लिहिला. त्याच क्षणी पडदा स्तब्ध होतो. पुढची आज्ञा पोचत नाही. चूक सुधारण्याची आज्ञाही पोचत नाही. दमणच्या गव्हर्नराप्रमाणे त्याचा अधिकार कागदोपत्री शाबूत असतो, पण वाट बंद झालेली असते. कधी याहूनही फसवा प्रकार घडतो. आधीपासून चालू असलेले संभाषण पुष्कळ फायरवॉल लक्षात ठेवतात आणि ते तोडीत नाहीत. नियम चुकला असूनही कारभाऱ्याचा पडदा चालूच राहतो. तो समाधानाने निरोप घेतो आणि दुसऱ्या दिवशी दार ठोठावतो तेव्हा आत प्रवेश नाही! म्हणून जाणत्यांचा प्रघात असा आहे की, बदल केल्यावर जुनी जोडणी तशीच उघडी ठेवावी, दुसरी नवी जोडणी करून पाहावी आणि ती जुळली तरच पहिली बंद करावी.

ही चूक नवशिक्यांचीच असे मानण्याचे कारण नाही. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी, भारतात रात्रीचे नऊ वाजून गेले असता, फेसबुक, व्हॉट्सअॅप आणि इन्स्टाग्राम ही जगभर एकदम बंद पडली. नेहमीच्या देखभालीत दिलेल्या एका आज्ञेने कंपनीची यंत्रागारे एकमेकांस जोडणारे सारे मुख्य जाळेच तोडले गेले. अशी आज्ञा अडविण्यासाठी ठेवलेल्या तपासनीस प्रोग्राममध्येच दोष होता. दुरून दुरुस्ती करण्याची साधनेही त्याच जाळ्यावर अवलंबून असल्यामुळे तीही निकामी झाली. शेवटी अभियंत्यांना प्रत्यक्ष यंत्रागारांत जावे लागले आणि तेथला कडेकोट बंदोबस्त ओलांडण्यातही वेळ गेला. सुमारे सहा तासांनी व्यवहार सुरळीत झाला. जगातील बलाढ्य कंपनीस जे चुकले नाही, ते सिल्वाशाच्या कारखान्यास चुकेल असे कसे मानावे?

या संकटावर दोन उपाय आहेत. पहिला वेळेच्या बंधनाचा. कित्येक यंत्रांत नवी आज्ञा लगेच अमलात येते, पण मुद्दाम जतन करीपर्यंत ती कायम होत नाही. यंत्र पुन्हा चालू झाले की जुनी यादी परत येते. याचा लाभ घेऊन सिस्को कंपनीच्या यंत्रांवर काम करणारे लोक आधी ‘दहा मिनिटांनी पुन्हा चालू हो’ अशी आज्ञा देऊन ठेवतात आणि मग नियमास हात घालतात. सर्व ठीक झाले तर ती आज्ञा रद्द करून बदल जतन करावयाचा. संपर्क तुटला तर दहा मिनिटे थांबावयाचे, यंत्र आपणच पूर्वपदावर येते. ज्युनिपर कंपनीच्या यंत्रांत तर हीच सोय अंगभूत आहे. बदल लागू केल्यावर ठराविक मुदतीत, बहुधा दहा मिनिटांत, कारभाऱ्याने दुजोरा दिला नाही तर यंत्र तो बदल स्वतःच मागे घेते.

दुसरा उपाय दुसऱ्या वाटेचा. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या ‘आज्ञापत्रा’त रामचंद्रपंत अमात्यांनी दुर्गरचनेविषयी जो विचार मांडला आहे, तो येथे तंतोतंत लागू पडतो. गडास एकच दरवाजा असणे हा त्यांच्या मते मोठा दोष. गड पाहून दोन-तीन दरवाजे आणि चोरदिंड्या करून ठेवाव्या. मात्र नित्याच्या राबत्यास लागतील तेवढ्याच मोकळ्या ठेवून उरलेल्या चिणून टाकाव्या, असे त्यांचे सांगणे. फायरवॉलच्या अंगावर कन्सोल नावाचे एक निराळे तोंड असते. तेथे तार जोडून बोलणाऱ्यास जाळ्याचे नियम आड येत नाहीत. या तोंडास मोबाइलच्या सिमकार्डावर चालणारे लहानसे यंत्र जोडले, तर मुख्य जाळे तुटले तरी मुंबईहून आत शिरता येते. तेवढा खर्च झेपत नसेल तर निदान ती तार यंत्राशेजारी टांगलेली असावी. आणि कोणती तार कोठे जोडावी, कोणास दूरध्वनी करावा, हे रात्रपाळीच्या वीजतंत्र्यास वाचता येईल अशा भाषेत कागदावर लिहून भिंतीवर लावलेले असावे. अर्थात, या चोरदिंडीलाही कुलूप हवेच.

मालकाची वाट आणि चोराची वाट

कारण ज्या वाटेने मालक येतो, तिच्याच शोधात चोर असतो. इंटरनेटवर २२ क्रमांकाचे दार सर्वांना उघडे ठेवले, तर अल्पावधीतच जगाच्या कानाकोपऱ्यांतून ते ठोठावले जाऊ लागते. हे ठोठावणारे बहुधा माणसे नसतात, यंत्रे असतात. ती नेहमीच्या पासवर्डांची यादी घेऊन एकेक शब्द लावून पाहतात. २०१६ मध्ये मिराई नावाच्या उपद्रवी प्रोग्रामने लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्याच्याजवळ कारखान्यातून यंत्रे निघताना घातलेल्या सुमारे साठ नावे-पासवर्डांच्या जोड्या होत्या. त्या कोणी बदललेल्याच नव्हत्या.

म्हणून दिंडी अरुंद ठेवणे हाच शहाणपणा. मुख्य कार्यालयाच्या ठरावीक पत्त्याखेरीज इतर कोणासही २२ चे दार दिसू नये. पासवर्डाने प्रवेश बंद करून केवळ किल्लीने प्रवेश द्यावा. त्याहून उत्तम म्हणजे मध्ये एक देवडी ठेवावी. गडाच्या दरवाजामागे पहारेकऱ्यांची बसण्याची जागा असते, तसा एक मधला संगणक. प्रत्येकाने आधी तेथे ओळख पटवावी आणि मगच पुढे जावे. एकच किल्ली पाचजणांनी वापरू नये. प्रत्येकाची किल्ली वेगळी असली, म्हणजे कोणी काय केले ते कळते आणि कोणी नोकरी सोडली तर त्याच दिवशी त्याची किल्ली काढून टाकता येते. ज्याला केवळ पाहावयाचे आहे, त्यास बदलण्याचा अधिकार देऊ नये. १७७९ च्या तहाने पोर्तुगिजांना महसुलाचा हक्क देण्यात आला होता, सार्वभौमत्व नव्हे, असेच हेगच्या न्यायालयानेही म्हटले होते. उत्पन्नाचा हक्क आणि मालकीचा हक्क यांची एकदा गल्लत झाली, की ती निस्तरण्यास पावणेदोनशे वर्षे लागू शकतात.

एवढे करूनही सावधपणा सुटता कामा नये. २०२४ च्या मार्च महिन्यात आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याच्या लक्षात आले की, आपल्या संगणकावर एसएसएचने प्रवेश करण्यास नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आहे. शोध घेता आढळले की, लिनक्समध्ये वापरल्या जाणाऱ्या एका लहानशा साहाय्यक प्रोग्रामात चोरवाट पेरलेली आहे. आणि ती पेरणाऱ्याने सुमारे दोन वर्षे सेवाभावी कामगार म्हणून वावरून विश्वास संपादन केला होता. ती चोरवाट सर्वत्र पसरण्यापूर्वीच उघडकीस आली, ती केवळ एका माणसास अर्धा सेकंद खटकला म्हणून.

खटकण्यासाठी आधी नोंद हवी. कोण केव्हा आला, कोणती आज्ञा दिली, कोणास अडविले, याची फायरवॉल नोंद ठेवते. भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार अशा नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात, निर्देशांत नमूद केलेल्या प्रकारचा उपद्रव लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावा लागतो आणि यंत्रांची घड्याळे प्रमाणवेळेशी जुळवून ठेवावी लागतात. घड्याळाचा नियम क्षुल्लक वाटेल. परंतु मुंबईच्या नोंदीत दहा वाजले आणि सिल्वाशाच्या नोंदीत साडेनऊ, तर चोर आधी कोठे शिरला हे कोणत्या न्यायाधीशास ठरविता येईल? परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकात लबाडीने शिरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्यान्वये गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पण गुन्हा सिद्ध व्हावयाचा तर तो नोंदींवरूनच.

हा विषय तंत्रज्ञांचा आहे, असे म्हणून कारखान्याच्या मालकाने, बँकेच्या संचालकाने अथवा इस्पितळाच्या व्यवस्थापकाने त्याकडे पाठ फिरवू नये. त्यांना आज्ञा लिहिता आल्या नाहीत तरी चालेल. चार प्रश्न मात्र विचारता आले पाहिजेत. आपल्या फायरवॉलमध्ये दुरून कोणकोण शिरू शकते? ते कोणत्या पत्त्यावरून आणि कोणत्या किल्लीने? चुकीची आज्ञा दिली गेली तर ती आपोआप मागे घेतली जाते काय? आणि मुख्य वाट बंद पडली तर दुसरी वाट कोठे आहे, ती शेवटची कधी चालवून पाहिली? यांपैकी चौथा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. चोरदिंडीची कडी गंजली आहे हे वेढा पडल्यावर कळून उपयोग नसतो; ती शांततेच्या दिवसांत एकदा उघडून, तेल घालून, पुन्हा लावून ठेवावी लागते.